सतरा पायऱ्या, कठडा आहे

माझा धाकटा भाऊ आयुष्यभर कठडे करत आला. जिन्याचे, गच्चीचे, बाल्कनीचे, एका बँकेच्या दाराबाहेरचेसुद्धा. त्याच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे डोक्याला ताप. कठडा दिसला की हा थांबणार, मुठीत धरून गदागदा हलवणार आणि जोडाकडे बघून तोंड वाकडं करणार. "कोणी केलंय हे? डोळे मिटून केलंय का?" मी म्हणायचे, अरे चल, दुकान बंद होईल. तर म्हणायचा, "ताई, उद्या कोणीतरी ह्याच्यावर भार टाकेल आणि जाईल खाली, आणि तुला दुकानाचं पडलंय."

लग्न केलं नाही. का नाही विचारलं की म्हणायचा, माप जुळलं नाही. खाली त्याचं वर्कशॉप, वर दोन खोल्या, आणि बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना. जिना त्यानेच केलेला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. भागीदार आणि गिऱ्हाइकं त्याला मिस्त्री म्हणतात. मी धाकटाच म्हणते, एकसष्ट वर्षांचा झाला तरी.

एका सकाळी त्याच्या हातातून ग्राइंडर गळून पडला. भागीदाराला वाटलं शॉक बसला. बघतो तर मिस्त्रीचं तोंड एकीकडे ओघळलेलं, उजवा हात लोंबतोय, आणि तो उभ्याउभ्या भिंतीला टेकून खाली सरकतोय. मेंदूत गुठळी. मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस काढले, जीव वाचला. मग डॉक्टर म्हणाले, आता ह्यांना पुनर्वसन वॉर्डात हलवू, सहा आठवडे. तिथे माणसाला पुन्हा उभं करतात.

उभं करतात हे खरं आहे. पण ते बघणाऱ्याचे मात्र पाय मोडतात.

वॉर्डात आठ खाटा. जमिनीवर चालायची पिवळी पट्टी. टोकाला व्यायामाची खोली, तिच्यात आरसा, दोन समांतर दांड्या आणि सरावाचा लाकडी जिना. चार पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली, दोन्ही बाजूंना कठडे. कुठेच न जाणारा जिना. माणसं सकाळभर त्याच्यावर चढायची, उतरायची, आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसायची. मी रोज साडेदहाला जायचे आणि पाचला निघायचे. मधल्या वेळात त्याचं जेवण, त्याचे कपडे, त्याचं रागावणं. घरी आले की सून चहा पुढे करायची आणि मी कप हातात धरून तशीच बसून राहायचे. चहा गार व्हायचा. सून परत तापवून आणायची.

त्याची वाचाही गेली होती. सगळी नाही, एक शब्द उरला होता. ताई. पाणी हवं, ताई. खिडकी बंद करा, ताई. आयाबाई ताई, सिस्टर ताई, आणि मिशा असलेले मोठे डॉक्टर आले तरी त्यांनाही ताई. डॉक्टर हसून म्हणाले, "ठीक आहे, भाऊबीज द्यायला नको, तेवढंच." वॉर्ड हसला. धाकटाही हसला, अर्ध्या तोंडाने. मी हसले नाही. एकसष्ट वर्षांत ह्याने कमावलेल्या सगळ्या शब्दांतून नेमका माझाच उरावा ह्याने मला आधी भरून यायचं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती हाक आली की कपाळात तिडीक जायला लागली. दिवसातून दोनशे वेळा ताई. खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी फिजिओची मुलगी कागद घेऊन आली होती. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली, बोलताना पेनाचं टोपण काढणारी आणि लावणारी. तिने मला घराबद्दल विचारलं. धाकट्याला विचारून उपयोग नव्हता, तो सगळ्याला ताई म्हणत होता. मी एकतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात कारकून होते. फॉर्म भरणं मला कोणी शिकवू नये. जेवढं विचारलंय तेवढंच लिहायचं, पुढची रांग अडवायची नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं.

"घर कितव्या मजल्यावर?"

"पहिल्या."

"जिना आहे?"

"आहे."

"पायऱ्या?"

"सतरा."

"कठडा?"

"आहे."

तिने खुणा केल्या. मला वाटलं, झालं एक काम. पुढच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायको आपल्या घराचं वर्णन पाऊण तास करत होत्या, दारासमोरच्या कुत्र्यासकट. मी मनात म्हटलं, बाई, मुद्द्याचं बोला.

त्या वॉर्डात सगळं गुणांवर चालतं. शंभरपैकी गुण. जेवण, अंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना, सगळ्याला वेगळे. धाकटा आला तेव्हा वीस होते. दर आठवड्याला मोजायचे आणि शुक्रवारी सगळे बसायचे, मोठे डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, आणि समाजसेवा विभागाच्या एक शांत बाई. शेवटी कागदावर एकच रकाना महत्त्वाचा: इथून कुठे जाणार? घरी, की केअर होमला? बाकी सगळं त्या रकान्यासाठी. एकट्या माणसाचं घर पहिल्या मजल्यावर असेल तर तो जिना चढू शकला पाहिजे. नाही चढला तर केअर होम. समाजसेवेच्या बाईंनी हे मला इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं.

धाकट्याला ते ऐकू गेलं होतं. त्याला सगळं कळायचं, फक्त बोलता यायचं नाही. त्या दिवसापासून तो जिन्याच्या मागे लागला.

पण जिन्याशी त्याचं काहीतरी बिनसलेलं असायचं. डावा हात चांगला, म्हणून फिजिओ त्याला डाव्या बाजूचा कठडा धरायला लावायची. तो धरायचा, एक पायरी चढायचा, आणि मग हात सोडून पलीकडच्या कठड्यावर, निकामी हाताकडच्या कठड्यावर थापा मारायला लागायचा. "ताई. ताई." पुन्हा थाप. तो कठडा मुठीत धरून गदागदा हलवायचा. फिजिओ घाबरून त्याच्या कमरेचा पट्टा धरायची.

मीच तिला समजावलं. मीच, दुसरं कोणी नाही. म्हटलं, "अगं, त्याचा धंदाच तो. कठडे करतो. पक्का आहे की नाही ते बघतोय. रस्त्यातसुद्धा असंच करायचा."

ती हसली. "काका, पक्का आहे हो. आमच्या वॉर्डाचं सामान आहे, पडणार नाही."

धाकट्याने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. मला वाटलं, हसलो म्हणून राग आला. पुढे पुढे सगळ्यांनाच त्याची सवय झाली. मिस्त्रीने थाप मारली की आयाबाई लांबून म्हणायच्या, "झालं का पास आमचं काम?"

चौथ्या आठवड्यात त्याने आणखी नवीन काढलं. दुपारी मी त्याचे कपडे घडी करत होते आणि व्यायामाच्या खोलीतून सिस्टरचा आवाज चढला. जाऊन बघते तर हा कोणाला न विचारता जिन्यापाशी गेलेला. तोंड आमच्याकडे, पाठ पायऱ्यांकडे, आणि उलटा चढायला बघतोय. डाव्या हाताने तो पलीकडचा कठडा धरलेला, डावा पाय वरच्या पायरीवर. सिस्टर त्याला खाली ओढतायत, आणि तो ताई, ताई करून भांडतोय.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "सरळ चढता येत नाही आणि उलटे खेळ करतोयस? पडून माझ्या गळ्यात पडायचंय का?"

त्याने पाय खाली घेतला. सिस्टरनी फाइलमध्ये लिहिलं. नंतर फिजिओने मला त्याचा अर्थ सांगितला: दिशेचा गोंधळ, सूचना पाळत नाही, एकटं सोडणं सुरक्षित नाही. गुण तोपर्यंत सत्तरवर गेले होते. सरळ जिनाही तो डाव्या कठड्याने चढू लागला होता. पण ती एक ओळ शुक्रवारच्या बैठकीत सगळ्यांच्या जिभेवर. समाजसेवेच्या बाई म्हणाल्या, "गुण चांगले आहेत. पण एकटे राहणार, त्यात गोंधळ. तुम्ही केअर होम एकदा बघून तरी घ्या."

मी बघून आले. आणि आता हे सांगायलाच हवं. मला ते आवडलं. स्वच्छ होतं, खालच्या मजल्यावर होतं, खिडकीतून झाड दिसत होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, भेटायला रविवारी या. रविवारी. आठवड्यातून एक दिवस. परत येताना मी बसमध्ये खिडकीपाशी बसले आणि दीड महिन्यात पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. मला सुटायचं होतं. माझा डावा गुडघा कधीचा गेलाय. डॉक्टरांनी जिने वर्ज्य केलेत. घरी पाठवलं तर त्याचा डबा त्या सतरा पायऱ्या चढून रोज कोण नेणार, हे विचारायला त्या कागदावर रकाना नव्हता. मुलगा म्हणाला, "आई, तू काही वाईट करत नाहीयेस." तो असं म्हणाला म्हणूनच मला कळलं की मी काय करतेय.

तरी फिजिओची मुलगी अडून बसली. सगळ्या वॉर्डात ती एकटीच म्हणाली, आधी घरी नेऊन चाचणी घेऊ. चढले तर घरी, नाही चढले तर केअर होम, मी स्वतः सही करते. मोठ्या डॉक्टरांनी तिला एक सकाळ दिली.

दवाखान्याच्या गाडीतून आम्ही गेलो. धाकटा पुढे बसला होता, मांडीवर चार पायांची काठी. वर्कशॉपसमोर गाडी थांबली तसा भागीदार हातमोज्यांसकट बाहेर आला आणि रडायला लागला. धाकट्याने त्याच्या पोटात काठी टोचली. "ताई," म्हणाला, म्हणजे गप बस. मग दारातल्या अर्धवट गेटकडे बघून तोंड वाकडं केलं, तेव्हा भागीदार रडता रडता हसला.

मग आम्ही बाजूने जिन्याकडे वळलो.

फिजिओ पुढे होती, हातात कागद. ती जिन्याशी पोचली आणि थांबली. टोपण काढलं, लावलं, परत काढलं. जिन्याच्या डाव्या बाजूला भिंत होती, खालपासून वरपर्यंत सपाट. कठडा होता उजव्या बाजूला. त्याच्या लोंबणाऱ्या हाताच्या बाजूला.

"कठडा ह्या बाजूला आहे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मावशी, तुम्ही सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस," मी म्हणाले. तोंडातून गेलं. त्या जिन्याने मी वीस वर्षं चढउतार केलीय. आणि दीड महिना माझ्यासमोर तो माणूस उजव्या कठड्यावर थापा मारत होता. हा, हा कठडा. माझ्या घरी ह्या बाजूला आहे. मला हा शिकवा. आणि मी लोकांना सांगत होते, त्याचा धंदाच तो.

मुलगी म्हणाली, "काका, आज नको. आपण परत जाऊ. मी ह्याचा सराव करून घेते, एक आठवडा मागते." पण आठवडा मिळणार नाही हे तिलाही माहीत होतं. खाट पुढच्या माणसाला दिलेली होती.

धाकट्याने काठी भागीदाराच्या हातात दिली आणि जिन्याकडे पाठ केली.

आमच्याकडे तोंड करून तो उभा राहिला. आता कठडा त्याच्या डाव्या हाताला आला होता. त्याने तो धरला आणि सवयीने एकदा हलवला. मग डावा पाय मागे, वर. शरीर वर. मग उजवा पाय ओढत त्याच्या शेजारी. एक झाली. फिजिओ धावत त्याच्या मागे वरच्या पायरीवर गेली, कमरेचा पट्टा धरायला हात लांब केला, पण धरला नाही. दोन. तीन. सहाव्या पायरीवर तो थांबला, घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता. मला वाटलं आता पडतो. मला वाटलं, सरळ सांगते, पडू दे असं नाही, पण थांबू दे असं वाटलं. थांबला तर संपलं. कोणी मला नावं ठेवणार नाही. तो माझ्याकडेच बघत होता, दुसरीकडे बघायची सोयच नव्हती, उलटा चढणाऱ्या माणसासमोर खालचीच माणसं असतात. आणि त्याने पुढचा पाय टाकला.

सतरा पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. वर पोचल्यावर तो दाराच्या उंबऱ्यावर बसला, डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दोन थापा मारल्या.

"कळलं रे," मी खालून म्हणाले. "कळलं. उशिरा कळलं."

"ताई," तो म्हणाला.

फिजिओची मुलगी वरच्या पायरीवर बसून चक्क नाक ओढत कागद भरत होती. दिशेचा गोंधळ लिहिलेलं तिने खोडलं. "गोंधळ आमचा होता, काका," म्हणाली. "उलटं चढायचं हे आम्ही शिकवतो लोकांना. मीच शिकवायला हवं होतं." मग शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं: घरी.

वॉर्डाच्या हिशेबाने त्याचं इथेच संपलं. वीसचे पंचाहत्तर झाले, गेला कुठे, तर घरी. उत्तम निकाल. असे निकाल ते वर्षअखेरीस मोजतात आणि मोजावेतच, लोकांनी घाम गाळलेला असतो.

माझं दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता सुरू झालं. डबा घेऊन मी खाली उभी राहिले आणि वर बघितलं. सकाळचा नाश्ता भागीदार बघतो, रात्रीचं मुलगा येताजाता देतो, पण दुपार माझी. उजव्या हातात डबा, डाव्यात घेतला की सगळा भार दुखऱ्या गुडघ्यावर, म्हणून कठडा धरायला हातच नाही. डाव्या बाजूला कोरी भिंत. प्रत्येक पायरीला डावा गुडघा कळ काढायचा. वर पोचून मी डबा आदळायचे. तो बघायचा. मी म्हणायचे, "बघतोस काय, जेव." आठवडाभर हेच. एकदा तर म्हटलं, "मी मेले म्हणजे तुला कळेल." मग आदल्या दिवशीचे डबे घासत बसले, तोंड लपवायला.

पुढच्या सोमवारी मी चढत होते तर हा अर्ध्या जिन्यात उभा, कठडा काखेत दाबून, हातात खडू. मला अडवलं. डबा हातात गरम, गुडघा ठणकतोय, आणि हा माझं डावं कोपर धरून हात सरळ भिंतीला टेकवतोय. "अरे, सोड. हे काय नवीन?" सोडलं. ब्लाउजच्या बाहीला खडूचा पांढरा डाग पडला तो पडलाच. मी आणखी चार शब्द सुनावले.

संध्याकाळी भागीदाराचा फोन. "ताई, मिस्त्रींना भिंतीकडूनही कठडा बसवून हवाय. बसवतो, माझ्या डोक्यात होतंच. पण माप चुकवतायत. सव्वादोन फुटांवर खूण केलीय. एवढा बुटका कोणी करत नाही. मी पुसून तीन फुटांवर केली तर त्यांनी ती पुसली आणि पुन्हा तिथेच खूण. माझ्यावर खडू फेकला."

"डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय," मी म्हणाले. मी थकले होते. "तुम्ही तुमच्या मापाने करा."

"आयुष्यात त्यांनी माप चुकवलं नाही हो," तो म्हणाला, आणि मिस्त्रीच्या मापाने केला.

गुरुवारी मी डबा घेऊन गेले. भिंतीवर नवा पाइप, अजून रंग न दिलेला, जोड घासून गुळगुळीत केलेले. मी पहिली पायरी चढले आणि आधाराला भिंत चाचपडायला म्हणून डावा हात खाली केला. तो थेट पाइपवर बसला. खांदा न उचलता, कोपर न वाकवता. मी बुटकी आहे, आमच्या घरात सगळ्यांत बुटकी. दुसऱ्या पायरीला भार त्या हातावर गेला आणि गुडघ्याला काही कळलंच नाही.

मी तिथेच उभी राहिले. वर बघितलं तर हा उंबऱ्यावर बसलेला, खाली बघत. त्याच्या उंचीला तो पाइप काही कामाचा नाही. तो अजूनही उलटाच चढतो, पलीकडचा कठडा धरून.

मी पाइप मुठीत धरला आणि त्याच्यासारखा गदागदा हलवला. हलला नाही. म्हटलं, झालं. आता जिना चढवत नाही म्हणायलाही मला तोंड राहिलं नाही. आणि डबा घेऊन वर गेले.